शेजारच्या घरी गेलेला मध्यम

वडिलांची बदली झाली आणि आम्ही सिल्लोडहून तेव्हाच्या औरंगाबादेत आलो. मी चौथीत होते. विमलबाईंना पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या अंगणात खडूने ठिकरीची घरे आखताना. सात घरे, प्रत्येकात एक स्वर. ठिकरी ज्या घरात पडेल तिथवर लंगडी घालत जायचे आणि तो स्वर लावायचा, हा बाईंचा गाण्याचा तास.

माझी ठिकरी 'म'मध्ये पडली आणि गळा थेट 'प'वर जाऊन बसला. पोरी फिदीफिदी हसल्या. मी रडकुंडीला आले.

"हसता काय गं?" बाई म्हणाल्या. "शेजारच्या घरी गेली ती. चहा पी, अन् ये आपल्या घरी."

'चुकलं' हा शब्द बाईंच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "हा गाण्याचा तास की खेळाचा?" बाईंनी अदबीने त्यांच्याच हातात ठिकरी दिली. साहेब 'रे'वर अडकले ते घंटा झाली तरी हलेनात.

बाईंच्या पेटीतली मध्यमाची पट्टी मुकी होती. कुणी दुरुस्तीचे काढले की बाई माझ्याकडे बोट दाखवत, "कशाला? ही हाय ना!" तोवर माझा 'म' घरी आला होता. रोज प्रार्थनेला पेटीचा तेवढा एक स्वर मी गळ्याने भरून काढत असे. इतके महत्त्व मला पुढे कुणी दिले नाही.

मग पुण्यात नोकरी, संसार, आणि गाणे सुटले. मीच सोडले, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी नाही. त्या अंगणासाठी, बाईंच्या खडूने माखलेल्या बोटांसाठी मात्र आजही जीव तुटतो.

बाईंच्या गौरव अंकातल्या या लेखाच्या निमित्ताने काही महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे गेले. पंचाहत्तरीच्या बाईंनी पेटी पुढे ओढली, सा, रे, ग वाजवले आणि थांबून माझ्याकडे पाहिले. पट्टी अजून मुकीच होती. तीस वर्षांनी मी तोंड उघडले, आणि गळा 'प'वर! मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाई हसल्या. "लई वेळ बसलीस गं शेजारी. झाला असंल चहा. ये आता."

आता दर महिन्याला जाते. 'म' अजून नीट लागत नाही. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांचीच इच्छा आहे. माझी त्यात थोडी स्वार्थाची भर: मी घरी पोहोचेन तेव्हा दार उघडायला बाईच हव्यात.