तपासायला आलेलं चित्र

गेल्या महिन्यात मी मोबाईलवरच्या ज्या ग्रुपमधून बाहेर पडलो, त्यात एकशे चाळीस माणसं होती. बहुतेक विज्ञानाचे शिक्षक; धाराशिव, तुळजापूर, कळंब, जळकोट, परंडा, कुठकुठले. त्यातली चार-पाच सोडली तर मला कुणी आवडत नव्हतं, आणि मीही कुणाला आवडत असेन असं वाटत नाही. तरी दर रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथं जमायचो, कारण वेड एकच होतं. इंटरनेटवरची विज्ञानाची वेबकॉमिक्स. काडीसारखे हातपाय, गोल डोकं, चेहरा नाही, आणि तीन-चार चौकटींत असा विनोद की फिजिक्स येत असेल तरच हसू यावं. स्टाफरूममध्ये असलं काही दाखवलं की लोक विचारायचे, "सर, यात हसायचं कुठं?" विनोद समजावून सांगायची पाळी ज्याच्यावर रोज येते, त्याला असा ग्रुप किती लागतो ते तोच जाणे.

रीत ठरलेली होती. ज्याचा रविवार त्यानं आपलं आवडतं कॉमिक टाकायचं, खाली मूळ पानाची लिंक, मग संवाद मराठीत, आणि सगळ्यात शेवटी ती लपलेली ओळ. ही कॉमिक्स कॉम्प्युटरवर बघताना चित्रावर माऊसचा बाण थांबवला की एक जादा ओळ उमटते. खरी गंमत पुष्कळदा तिच्यातच असते. मोबाईलवर ती दिसत नाही, म्हणून ती लिहायचीच. दुसरा नियम असा की टाकण्याआधी सगळं माझ्याकडं तपासायला पाठवायचं. मी कळंबला ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. विज्ञानाची चूक ग्रुपवर जाऊ नये म्हणून अ‍ॅडमिननं, म्हणजे तुळजापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, मला तपासनीस नेमलं होतं. मला ते पद फार आवडायचं. लोकांच्या चुका काढायला मिळायच्या, आणि वर लोक धन्यवाद म्हणायचे.

ग्रुपात परंड्याचा एक जण होता. मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलून त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हा धंदा. पस्तिशीचा, मुसलमान, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेलं. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. त्याची समज आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगली होती, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ते मी कुणाला बोललो नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी त्यानं मला खाजगीत एक फोटो पाठवला. कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या चार चौकटी. खाली लिहिलं होतं, "सर, हे म्या स्वतः काढलंय. चूक असंल तर सांगा, मग माझ्या रविवारी टाकतो."

पहिल्या चौकटीत तारेच्या आत दोन इलेक्ट्रॉन, काडीमाणसांसारखे, दाटीवाटीनं बसलेले. एक विचारतो, "कधीपासून हायस इथं?" दुसरा म्हणतो, "तार ओढली तवापासून." दुसऱ्या चौकटीत, "मग दिवसभर करतोस काय?" "सेकंदाला शंभर वेळा तोंड फिरवतो." तिसऱ्यात एक शेतकरी स्टार्टरकडं पळत सुटलाय, "आली, लाईट आली." चौथ्यात दोघं इलेक्ट्रॉन एकमेकांकडं बघतायत. "कोण आलं?"

आणि लपलेली ओळ: "बदलीचा अर्ज केलाय. साहेब म्हणाले, आधी कुठंतरी पोच."

आपल्या घरातल्या विजेत इलेक्ट्रॉन कुठून कुठं जात नाहीत, जागच्या जागी मागंपुढं हलतात. हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय आणि एकाही वर्गाला त्याचं हसू आलेलं नाही. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होतो. एकटाच मोठ्यानं हसलो. मग हसू गेलं आणि दुसरंच काहीतरी आलं. मी दहा वर्षं परक्यांचे विनोद मराठीत आणत होतो. स्वतःचं एकही चित्र मला सुचलं नव्हतं. या माणसाला मोटारीत तार भरता भरता सुचलं होतं.

मी उत्तर दिलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. तो रविवार माझा होता आणि माझ्याकडं टाकायला काही नव्हतं, हे खरं. पण ते कारण नव्हतं. शनिवारी दुपारी मी आलेखाच्या कागदावर काळ्या पेनानं त्याचं चित्र नीट काढलं. रविवारी टाकलं. लिंकच्या जागी लिहिलं, "एका परदेशी कॉमिकवरून स्वैर. लिंक शोधून देतो." चित्र माझं आहे म्हणायची हिंमत नव्हती, त्याचं आहे म्हणवत नव्हतं. म्हणून मी ते कुठल्यातरी न भेटणाऱ्या गोऱ्या माणसाच्या नावावर केलं आणि रूपांतराची वाहवा खिशात घातली. "सर, अगदी आपल्या मातीतलं केलंत," असं जळकोटच्या एका बाईंनी लिहिलं. मी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं.

उतरवताना मी एक दुरुस्तीही केली होती. शंभरचं पन्नास केलं होतं. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं. मला वाटलं, मिस्त्री चुकलाय. तपासनीसाची सवय. चोरतानासुद्धा मी मार्क कापले.

अर्ध्या तासानं त्याचा मेसेज ग्रुपवर आला. "सर, पन्नास न्हाय, शंभर पायजे. एका आवर्तनात दोनदा दिशा बदलती. माझ्या चित्रात शंभरच हाय."

माझ्या चित्रात, हे दोन शब्द सगळ्यांनी वाचले. मग सगळे एकदम लिहायला लागले. शंभर की पन्नास यावर कुणी बोलेना, जरी त्यातल्या तीसेक जणांना बरोबर उत्तर यायला हवं होतं. भांडण त्या दोन शब्दांवर झालं. तुळजापूरच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, तुमचं म्हणजे कसं, सरांनी परदेशी म्हणून लिहिलंय. त्यानं पेन्सिलीच्या कागदाचा फोटो टाकला. एकानं लिहिलं, सरांचं बघून आत्ताच काढलेलं दिसतंय. दुसऱ्यानं, "मिस्त्री, तुम्ही वायरी बघा, फिजिक्स सरांना बघू द्या." त्याला सत्तावीस अंगठे आले. तिसऱ्यानं लिहिलं, "यांची सवयच असते." या एका माणसाला 'यांची' कसं म्हणालात, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या अंगठ्यांत माझा नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येतं, आणि ते सांगायला लाज वाटते.

मी लिहिलं ते एकच वाक्य. "आपल्या पुरवठ्याची वारंवारता पन्नास हर्ट्झ असते, बारावीचं पुस्तक पाहावं."

त्याचा फोन आला. मी बघत बसलो. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मोबाईल उशीखाली सारला आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तोवर अ‍ॅडमिननं त्याला ग्रुपातून काढलं होतं. संध्याकाळी कागदावर लाट काढून पेनाच्या टोकानं मोजली. एका आवर्तनात दोनदा दिशा बदलते. शंभर. मला ते त्याच दिवशी कळलं, आणि पुढं दोन वर्षं मी दर रविवारी इतरांच्या चुका तपासत राहिलो.

या उन्हाळ्यात ग्रुपनं मराठी विज्ञान कॉमिक्सची एक पुस्तिका जिल्ह्यातल्या शाळांसाठी छापायचं ठरवलं. प्रूफ माझ्याकडंच आलं. पहिल्याच पानावर ते चित्र, खाली 'रूपांतर' म्हणून माझं नाव, आणि इलेक्ट्रॉनच्या तोंडी पन्नास. प्रूफ पिशवीत घालून मी बार्शीवरून परंड्याला गेलो.

दुकानात वार्निशचा वास होता. मिस्त्री खाली बसून मोटारीच्या खाचेत तार बसवत होता. समोर एक शेतकरी आपल्या मोटारीची वाट बघत बसलेला. ग्रुपवरच्या फोटोवरून मिस्त्रीनं मला ओळखलं. बसा म्हणाला नाही, चहा सांगितला नाही. आमच्या भागात एवढं केलं की पुढं काही बोलावं लागत नाही. मी उभ्यानंच सांगितलं, चुकलो, चित्र तुमचं होतं, शंभरच बरोबर हेही मला त्याच दिवशी कळलं होतं, आता छापतोय, तिथं तुमचं नाव घालतो.

तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "सर, तिथं एकशे चाळीस माणसं होती. हितं कोन हाय? ह्ये पाव्हणं आन् ही मोटार. ह्यांच्यापुढं कशाला सांगलालाव?"

मी म्हणालो, ग्रुपवरही सांगीन.

"सांगा, नका सांगू. माझा भाऊ म्हणला तवा, चॅट दाव ग्रुपला, सरला पाठवल्यालं हाय की त्यात. म्या म्हणलं, थांब, सर बोलतेल. दोन तास थांबलो. तवर मला काढलं बी." मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "मला चोर म्हणल्याचं दुःख न्हाय ओ. तुमाला शंभर हाय म्हणून कळलं नसंल, असं वाटत हुतं. आज कळलं, तुमाला ठावं हुतं."

मी नाव घालायचं पुन्हा काढलं. तो म्हणाला, "नाव नको. तुमच्या शेजारी तर मुळीच नको. माझं चित्र काढून टाका त्या पुस्तकातनं. ह्यवढं जमतंय का बघा."

शेतकऱ्यानं विचारलं, "काय केलं ओ मास्तरनं?" तो म्हणाला, "काय न्हाय. ह्यांचं चाललंय." आणि खाली बघून तार ओढायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. चित्र कुणाचं, कधी आलं, मी काय केलं. पहिली उत्तरं वाचून मी हादरलो. "सर, तुमचा मोठेपणा." "एका सामान्य माणसासाठी दोष स्वतःवर घेणं सोपं नाही." मी गुन्हा कबूल केला तर लोकांनी माझा सत्कार मांडला. तेव्हा मी चिडून त्या बुधवारच्या मेसेजचा फोटो टाकला. आता नाइलाज झाला. त्यांना विश्वास ठेवावा लागला, आणि मग ते खवळले. चोरीवरून नाही. मी त्यांना उघडं पाडलं म्हणून. दोन वर्षांनी हे उकरायची काय गरज होती, असं सत्तावीस अंगठ्यांतल्याच एकानं विचारलं. मुख्याध्यापकांनी मला फोन करून सुनावलं, "तुम्ही शिक्षक आहात का कोण? आम्हाला त्याच्या तोंडून शिव्या खायला लावता आता." चित्र काढा म्हणालो तर म्हणाले, छपाईला गेलंय.

आणि त्या फोटोत त्याचा मोबाईल नंबर होता. मी झाकायला विसरलो होतो. दुपारपर्यंत त्याला कुणीकुणी फोन करून डिवचलं, मोठे चित्रकार झालात म्हणून. हे मला त्याच्याच मेसेजमधून कळलं. "नंबर काढा आधी. आता माझं नाव घेऊ नका कुठं." मी फोटो पुसला आणि ग्रुप सोडला. तपासनीस आता कुणीतरी दुसरं आहे.

पुस्तिका आली. पहिल्या पानावर चित्र तसंच. छपाईला गेलंय म्हणाले होते, तरी माझं नाव मात्र काढलेलं आणि त्या जागी 'चित्रकार: अज्ञात'. ते मिटवायला त्यांना एवढंच सुचलं. पन्नास तसंच राहिलं होतं.

मी कोऱ्या कागदाचे तुकडे कापले, डिंकाची बाटली घेतली आणि आमच्या तालुक्यातल्या शाळा फिरायला लागलो. त्यानं चित्र काढून टाका म्हटलं होतं. पान फाडता येत नाही, निदान झाकता येतं. मुख्याध्यापक लोक खुर्चीतून उठत नसत. एक जण म्हणाले, शाळेच्या पुस्तकावर बाहेरच्यानं काही चिकटवायचं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, ग्रुपवर इतकं बोलून पोट भरलं नाही का. नऊ शाळांत मला झाकू दिलं, चार ठिकाणी दारातून परत पाठवलं. बाकीचा जिल्हा तसाच आहे.

दहाव्या वेळी डिंक उघडला तो कळंबपासून जवळच्या एका गावात. मुख्याध्यापिका पुस्तिकांचा गठ्ठा आणायला उठल्या आणि मला व्हरांड्यातून घेऊन गेल्या. तिथल्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर मुलींनी ते चित्र रंगीत खडूनं मोठं काढलं होतं. चारही चौकटी. लपलेली ओळसुद्धा. आणि कोपऱ्यात, अज्ञात.

बाई म्हणाल्या, "पोरी रोज हसत्यात हितं थांबून. मला विचारतात, कुणाचं हाय. तुम्हाला माहीत हाय का, सर?"

नाव घेऊ नका म्हणून त्यानं सांगितलं होतं. मी म्हणालो, "परंड्यात एक जण मोटारींत तार भरतात, त्यांचं. मी चोरलं होतं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा पाहुणचार गेला. त्यांनी फळ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या डिंकाच्या बाटलीकडं बघितलं. "मग हे पुसायचं का ठेवायचं?"

मी म्हणालो, ते सांगायचा हक्क माझा नाही, त्यांना विचारतो. तिथंच फोन लावला. दोनदा वाजला आणि त्यानं कट केला. पुन्हा लावला. लगेच कट केला. बाई हातात फडकं घेऊन उभ्या होत्या. मी तिसऱ्यांदा लावणार होतो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. त्यांना किती तरास द्यायचा?"

फडकं त्यांनी खिडकीत ठेवलं आणि मला बसा न म्हणता वर्गावर गेल्या.