एकीनं एकच वाक्य

"अर्जाला पाय नसत्यात, अण्णा. त्याच्यासंगं आपल्यालाच चालावं लागतंय," असं म्हणत अक्का माझ्या काउंटरवर पिशवी ठेवायची. आधी पिशवी, मग पाण्याचा ग्लास, मग कामाचं बोलणं. कर्नाटकातल्या भालकीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अशा दुकानात माणसं चिडून येतात नाहीतर रडकुंडीला येऊन. अक्का मात्र दर मंगळवारी लग्नाला आल्यासारखी यायची. धुतलेलं लुगडं, कपाळाला विभूती आणि मागे तिच्या महिला मंडळाच्या चार-दोन बाया.

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. ती आली की कचेरीतला शिपाई उगाच फायली शोधायला लागतो.

तिचं गाव आमच्याच तालुक्यातल्या मेहकरच्या बाजूला. मंडळ म्हणजे आधी भजन, हळदीकुंकू आणि उन्हाळ्यात पापड, एवढंच. त्यात अक्कानं हे सरकारचं खूळ घातलं. सरकार जे ठरवतं ते आपल्यासाठी ठरवतं, तर ठरवताना आपण तिथं असलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. बाया हसायच्या. आमाला काय कळतंय त्यातलं, म्हणायच्या. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "चूल कुठं मांडायची ते कळतंय, अन् दवाखाना कुठं पायजे ते कळंना व्हय?"

मी तिची थट्टा करायचो. एकदा म्हटलं, अक्का, या अर्जाची एक प्रत मुख्यमंत्र्यांनाही पाठवू का? ती गंभीरपणे म्हणाली, पाठवा की. मग पाठवावी लागली, आणि पोस्टात मलाच जावं लागलं.

मग एका वर्षी बातमी आली की तिच्या गावचं आरोग्य उपकेंद्र शेजारच्या मोठ्या गावातल्या केंद्रात सामील करणार. नर्सबाई यापुढे तिकडेच बसणार. दोन गावांच्या मध्ये एक नाला आहे आणि पावसाळ्यात त्याच्या पुलावरून पाणी जातं. ज्यांची हरकत असेल त्यांनी भालकीत सुनावणीला येऊन सांगावं, असं पत्रक निघालं. अक्काला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. सरकारनं पहिल्यांदाच आपणहून विचारलं होतं.

तिनं चौदा बाया निवडल्या. लांबलचक भाषण कुणी ऐकत नाही हे तिला ठाऊक होतं. "एकीनं एकच वाक्य. पण उभं ऱ्हाऊन, माईकवर." बाजारापुरतं कानडी सगळ्यांनाच येतं, पण साहेबांपुढे चूक नको म्हणून मी चौदा कानडी वाक्यं देवनागरीत लिहून दिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कानं नियमच केला. आधी वाक्य म्हणायचं, मग तिळगूळ.

पहिली उभी राहणार होती शकुंतलाबाई. तिचं वाक्य मला अजून पाठ आहे. माझी सून पोटुशी आहे, ऐन पावसात तिचे दिवस भरतील, नर्सबाई आमच्या गावातच पाहिजे.

यादी मीच टाइप केली. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. अशा दहा सुनावण्या मी पाहिल्या होत्या. माईकवर गेल्यावर आधी पूर्ण नाव सांगायला लावतात हे मला चांगलं माहीत होतं. पण त्यात अडचण ती काय असणार? मी पुरुष. अक्कालाही सुचलं नाही, कारण ती तीस वर्षं विधवा. निराधार पगारासाठी खिडकी-खिडकीवर नवऱ्याचं नाव सांगून सांगून तिची जीभ कधीच सरावली होती.

त्या दिवशी हॉल मिळाला नाही म्हणून सुनावणी एका मंगल कार्यालयात ठेवली होती. आदल्या दिवशीच्या लग्नाचा झेंडूचा मांडव तसाच होता. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांवर साहेब लोक बसले होते. मी पुढेच जागा धरली. चौदा बाया एका ओळीत, डोक्यावर पदर घेऊन.

शकुंतलाबाई माईकपाशी गेली. क्लार्कनं विचारलं, पूर्ण नाव? तिनं आपलं नाव सांगितलं आणि नवऱ्याच्या नावापाशी थांबली. दुसऱ्या रांगेत तिचे भासरे बसले होते, नवऱ्याचे थोरले भाऊ. बँकेत अशा वेळी ती मुकाट्यानं आधार कार्ड पुढे करायची. इथं पुढे करायला फक्त माईक होता. क्लार्कनं पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, उखाणा घ्या की मावशी.

हॉल हसला. आणि त्या बाईनं, सुटका झाल्यासारखं, खरंच उखाणा घेतला. "कारखान्याच्या वाटंला उसाच्या गाड्या, व्यंकटरावांनी आणल्या दिवाळीला साड्या."

टाळ्या पडल्या. शकुंतलाबाईनं तोंडाला पदर लावला, लाजली आणि खाली बसली. उखाणा झाला की बसायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. वाक्य राहिलं. दुसरीला मग आग्रहच झाला. तिसरीनं न सांगता घेतला. साहेबसुद्धा हसत होते. एकेक बाई उठली, तिनं झोकात नाव घेतलं, टाळ्या घेतल्या आणि बसली. चौदा उखाणे झाले. वाक्य एकही झालं नाही.

अक्का शेवटी स्वतः माईककडे निघाली तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं. महिला फार उत्साही आहेत, छान वाटलं, असं म्हणून त्यांनी पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

त्यानंतर अक्कानं पाच अर्ज केले. पाचांना एकच उत्तर आलं. सुनावणीत या गावाची हरकत नोंदलेली नाही. ते खरंही होतं, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. उपकेंद्राला कुलूप लागलं.

आषाढात एका दुपारी शकुंतलाबाईच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं. नाल्यावरून पाणी होतं. रिक्षा अलीकडेच थांबली. बाळंतपण रिक्षातच झालं, रक्त थांबेना, आणि पाणी उतरेपर्यंत सून गेली. लेकरू राहिलं. मुलगी आहे.

अक्का भेटायला गेली. मी तिला मोटारसायकलवरून नेलं म्हणून मला हे ठाऊक आहे. आपल्याला शिव्या ऐकाव्या लागतील अशी तयारी करून ती गेली होती. शकुंतलाबाई मांडीवर लेकरू घेऊन भिंतीला टेकली होती. तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती हळूच म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मी खाली बसले कशी वो?"

अक्कानं वाकून लेकराचं दुपटं नीट केलं आणि ती उठली. 

मंडळाची बैठक पुन्हा भरली नाही. दिवाळीनंतर अक्का एकदा दुकानात आली, रिकाम्या हातानं. मी म्हटलं, अक्का, नव्यानं अर्ज करू, मोठ्या साहेबांकडे जाऊ, मी येतो सोबत. "न्हाई अण्णा," ती म्हणाली. "आता म्या कुणाला उभं करत न्हाई."

ती बसवकल्याणला बहिणीकडे गेली आणि दोन वर्षांत तिथंच वारली. मला चार दिवसांनी कळलं. माझ्याकडे तिचा फोटोसुद्धा नव्हता.

यंदा संक्रांतीला व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ आला. त्या सुनावणीत कुणीतरी काढलेला. दरवर्षी फिरतो म्हणे, 'साहेबांपुढे उखाणे' अशा नावानं, खाली हसणारे चेहरे टाकून. मी पहिल्यांदाच पाहिला. बायांच्या ओळीमागे अक्का दिसते. प्रत्येक बाई खाली बसली की अक्का तिच्यामागे जाऊन, पुढे वाकून, तिच्या दंडाला धरून तिला पुन्हा उठवायला बघते आणि तिचं वाक्य तिला सांगत असते. चौदाही वेळा. ओठ हलताना स्पष्ट दिसतात. आवाज ऐकू येत नाही, कारण हसण्याचा गलका फार आहे. त्यात सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस पहिल्या रांगेत बसला आहे, मांडीवर हात मारून मारून. तो मी.