कोरडा डाग

आवाज तुटला की आबा पाय आखडून घ्यायचे. ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, पाय दाराच्या वाटेत पसरलेले, मांडीजवळ ट्रान्झिस्टर. भजन चालता चालता आवाज खर्रकन तुटायचा. आबा दोन्ही पाय पोटाशी घ्यायचे आणि म्हणायचे, "जाय, जाय." दारातून जाणारं-येणारं कोणी नसायचं. आवाज परत आला की पाय पुन्हा लांब.

म्हाताऱ्या माणसांच्या अशा लकबी तुम्हीही पाहिल्या असतील. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. ते हसणं अजून मला टोचतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी यावलला मोटारी भरायचो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचो. चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण विहिरीवरची मोटार जळून आली की नुसत्या वासावरून सांगायचो काय गेलं ते. याला कोणाला गर्व म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. रेडिओ, टेप, जे येईल तेही उघडायचो. आबांची केळीची बाग होती. त्यांची मोटार दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायची. दुकानाच्या पायरीवरूनच त्यांचा ठरलेला सवाल यायचा, "मेली का झोपली, तेवढं सांग."

"झोपली आबा, उद्या उठते."

"मंग चहा माह्या तर्फे." मेली म्हटलं तर चहा मी पाजायचा, असा त्यांचा कायदा होता.

त्यांचा एकुलता मुलगा धुळ्याला रेडिओचं काम शिकायला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत विजेवर चालायचा आणि आबांना गुडघ्यांमुळे ओटा सुटायचा नाही. सुट्टीत आलेल्या पोराने साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत चार पार्ट बसवले, डबी टेपला जोडली, आणि आतली कॅसेट बाहेर ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरवर वाजायला लागली. मधे वायर नाही.

गल्ली लोटली. एका शेजाऱ्याने काठी घेऊन दारातून फिरवून पाहिली, कुठे बारीक तार आहे का म्हणून.

"हवेतून येतो तं पावसात भिजत नाही का आबा?"

"तुह्यं डोकं भिजलं का आतापर्यंत? तसंच." आबांची छाती तेव्हा पाहायला हवी होती. पोराने गल्लीतल्या भजनी मंडळाची कॅसेट स्वतः भरून दिली होती. दिवसभर तीच चालायची.

पुढच्या श्रावणात तो पोरगा तापीत अंघोळीला उतरला. नदीला पाणी फार होतं. आठ दिवस माणसं काठाने फिरली. सापडला नाही.

जाणत्यांनी सांगितलं, गवताचा पुतळा करून त्याला डाग द्यावा. आमच्याकडे चितेला अग्नी देणं म्हणजे डाग देणं. आबा म्हणाले, "गवताले डाग देऊ? माह्या पोऱ्या गवताचा होता काय?" झालं नाही. दहावं नाही, तेरावं नाही. अक्कांनी, म्हणजे आबांच्या बायकोने, पुष्कळ समजावलं. आबांनी ऐकलं नाही.

त्यानंतर कधीतरी डबीचा आवाज तुटायला लागला, आणि आबा पाय आखडायला लागले.

मी हसलो तो याच दिवसांत. मोटार पोचवायला गेलो होतो. विचारलं, "आबा, कोणाला वाट देता?"

ते अगदी साधेपणाने म्हणाले, "पोऱ्या मधून गेला. म्हणून तुटला आवाज."

माझं हसू तोंडातच राहिलं.

महिन्याभराने अक्का दुकानात आल्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, बोली तिकडचीच. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. "भाऊ, ती डबी नीट करी द्या. तो आवाज तुटस अनि मन्हा जीव तुटस. ते त्याले जाऊच देत नहीत. मन्हा पोऱ्या कितला दिन दारमाच फिरी?"

मी गेलो. डबी उघडली. दोन मिनिटांत सापडलं. एरियलच्या तारेचा डाग कोरडा होता. सोल्डरलाही आम्ही डागच म्हणतो. तार नीट तापली नाही की वरून चकचकीत दिसतं पण आत धरत नाही. शिकाऊ हाताचं काम. थोडा धक्का लागला, ऊन चढलं, की सुटतं आणि पुन्हा चिकटतं. मी मोठ्याने म्हणालो, "काही नाही आबा, एक डाग द्यावा लागेल."

आबा उठले. गुडघे धरत धरत आत आले आणि डबीवर पालथा हात ठेवला.

"डाग देऊ नको."

"अहो, कच्चं काम आहे. दोन मिनिटांचं..."

"कच्चं म्हणतो? त्याच्या हातचं हाये ते. तू कोण रे, चौथी शिकेल?"

माझंही डोकं फिरलं. मी म्हणालो, "पोरगं गेलं आबा. हा कोरडा डाग आहे, भूत नाही." अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी सामान उचललं आणि त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही असं बोलून निघालो. चढलोही नाही. उन्हाळा आला, आबांची मोटार दुसऱ्याकडे गेली. मला कळलं. मी विचारलं नाही.

मग एका दुपारी आबा स्वतः दुकानात आले. हातात रुमालात बांधलेली डबी. पायरीवरून नेहमीचा सवाल आला नाही. बाकावर बसले, आणि मी पाहिलं, पाय सरळ होत नव्हते.

"पंधरा दिवस झाले," ते म्हणाले. "आवाजच नाही. नुसती खरखर."

मी रुमालाची गाठ सोडली.

"पह्यले जायचा, यायचा. आता मधीच उभा राह्यला रे. पुढे सरकू नाही राह्यला. मी पाय घेऊन बसलो, रोज बसलो. काहून आडकला असंन?"

मला उत्तर ठाऊक होतं. तार पुरती सुटली होती. पण मी म्हणालो, "घरी चला आबा. टेपला लावूनच पाहावं लागेल."

मी त्यांच्या घराची पायरी चढलो.

त्यांनी विचारलं, "डाग देला तं जाईन का तो?"

आयुष्यभर मी प्रत्येक कामाची गॅरंटी छातीवर हात ठेवून दिली. त्या दिवशी म्हणालो, "आवाज येईल आबा. तेवढीच माझी गॅरंटी."

सोल्डरगन तापली. मी हात पुढे केला तर ती त्यांनी माझ्याकडून घेतली. "माह्याच हातानं पाह्यजे ते."

मी त्यांचं मनगट खालून धरलं, तार जागेवर दाबली. सोल्डरमधल्या राळेचा धूर निघाला. चितेवरही राळच टाकतात, वास दोन्हीकडचा एकच. सोल्डर वितळलं, तारेभोवती पाण्यासारखं फिरलं, थिजलं. पक्का डाग. माझ्या हातचाही इतका चांगला पडला नसता.

ओट्यावर भजन सुरू झालं. टाळ, मृदंग, सगळं लख्ख. कुठे तुटेना.

आबांनी सोल्डरगन खाली ठेवली आणि डबीकडे मागे वळून न पाहता मागच्या दाराने परसात गेले. हौदातून तांब्याने पाणी घेतलं आणि धोतर-सदऱ्यासकट डोक्यावर ओतलं. मग दुसरा तांब्या. मग तिसरा. अक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी एकदा परसाकडे पाहिलं, तव्यावरची भाकरी उतरवली आणि जळती लाकडं ओढून पाणी मारलं. मग भिंतीला टेकून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

आबा त्यानंतर वर्षभर होते. डबी चालू होती, असं ऐकलं. मी काही पुन्हा गेलो नाही.

डाग दिला त्या दुपारी मला परत दुकानात जायचं होतं. दोन मोटारी पडल्या होत्या. पण मी सरळ घरी गेलो आणि उंबऱ्याबाहेरच थांबलो. बायकोला हाक मारली, म्हटलं बादलीभर पाणी बाहेरच आण.

तिने बादली ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मी तिला आबांच्या पोराचं नाव सांगितलं.