दारांवरचा कागद

स्वयंपाकघरात नवी कपाटं बसली, तेव्हा लॅमिनेटवरचा प्लास्टिकचा पातळ कागद बायकोने काढू दिला नाही. “असू द्या, दारं नवी राहतील,” म्हणाली. पुढची बारा वर्षं ती त्या कागदावरूनच ओलं फडकं फिरवत राहिली. ती जाऊन आता सहा महिने झाले. आज मी तो कागद सोलून काढला. हँडलपाशी तिच्या हळदीच्या, कणकेच्या बोटांचे डाग होते. ते सगळे कागदाबरोबरच निघून आले. खालचं लॅमिनेट कोरं करकरीत, कधी कुणाचा हातच न लागल्यासारखं. इतकं जपलेलं नवेपण आता एकट्याने कसं वापरायचं? चुरगळलेला कागद ओट्यावर पडलाय. मघाशी घंटागाडी येऊन गेली. मी खाली उतरलो नाही.