ढगाळ दिवसाची फुलपाखरं

मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळ्यात लाखो मोनार्क फुलपाखरं येऊन झाडांना लगडतात. ती बघायला आम्ही अमेरिकेत अर्विंगला राहणाऱ्या मैत्रिणी मिळून जाणार होतो. एकीच्या मुलाची स्पर्धा निघाली, दुसरीचं व्हिसाचं काहीतरी अडकलं, तिसरीने ग्रुपवर ‘सॉरी यार, कॅन्सल करतेय’ एवढंच टाकलं. नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मी चिडून एकटीच निघाले. विमानात मात्र वाटायला लागलं, बरंच झालं की! एक अख्खा दिवस कुणी काही विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेक्सिको सिटीतल्या हॉटेलसमोर टूरची व्हॅन आली. नवऱ्याशी फोनवर बोलतच मी चढले, तिथेच चुकलं. फोन ठेवून डोळे मिटते न मिटते तोच पुढच्या सीटवरून आवाज आला, “मराठी का?”

अमेरिकेतूनच, शॉमबर्गहून आलेले काका-काकू होते. काका नुकतेच रिटायर झालेले आणि बोलायला माणूस शोधत असलेले.

“एकट्याच? मिस्टर नाही आले?”

“काम आहे त्यांना.”

“भांडणबिंडण नाही ना?” काका हसले.

“अहो, काहीतरीच काय!” काकूंनी त्यांना दटावलं, आणि मग मागे वळून हळूच मला विचारलं, “नाही ना गं?”

डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत काकांनी मला ‘तू’ म्हणायला सुरुवात केली होती, चिवडा खायला लावला होता आणि ॲंजिओप्लास्टीची सगळी हकीकत सांगून झाली होती. वर जायला घोडे होते. ते दोघं घोड्यावर बसले म्हणून मी मुद्दाम पायी निघाले. पण उंचावरच्या हवेत मला धाप लागायची, आणि प्रत्येक वळणावर काका घोडा थांबवून उभे.

“एकटीला मागे सोडून कसं जायचं?”

“जा हो काका, येते मी!” मी शेवटी जवळजवळ ओरडलेच.

वर पोचलो तर आभाळ भरून आलेलं. उंच झाडांना काळपट, वाळक्या पानांचे घोस लटकावेत तशी फुलपाखरं, मिटलेली, गारठलेली. गाइड म्हणाला, ऊन पडलं की उडतील. बोलायला मनाई होती. आम्ही ओंडक्यावर बसून राहिलो. ऊन काही पडेना. थंडीने बोटं बधिर झाली. काकांना डुलकी लागली आणि ते चक्क घोरायला लागले. रखवालदार ओठांवर बोट ठेवून माझ्याकडेच बघत होता, जणू काका माझेच वडील! एवढ्या लांब येऊन हे बघायचं? मला अक्षरशः रडू यायला लागलं. शेवटी गाइडने घड्याळ दाखवलं आणि आम्ही उतरलो.

खाली मी टॉयलेटच्या रांगेत उभी असताना ऊन पडलं.

बाहेर येऊन बघते तर वाहनतळाजवळच्या ओल्या चिखलावर फुलपाखरं पाणी प्यायला उतरत होती. झाडांवरून सुटून केशरी थवेच्या थवे खाली येत होते. आणि व्हॅन सुरू झालेली! “पाच मिनिटं, प्लीज,” मी म्हटलं. गाइडने नकारार्थी मान हलवली; शहराजवळ ट्रॅफिक लागतो म्हणे.

तेवढ्यात काका पोट धरून व्हॅनमधून उतरले. “अर्जंट,” गाइडला म्हणाले आणि टॉयलेटकडे गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. गाइड येरझाऱ्या घालत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकूंना अजिबात काळजी वाटत नव्हती. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. एक फुलपाखरू माझ्या बाहीवर बसलं. पंख उघडायचं, मिटायचं. मी हललेच नाही. फोटोही काढला नाही.

काका सावकाश आले. “नीट बघितलीस ना?”

“बघितली.” मी त्यांचा हात धरून त्यांना व्हॅनमध्ये चढवलं.

परतीच्या रस्त्यावर आपण गाइडला कसं फसवलं हे काका इतक्यांदा सांगत राहिले, की मी शेवटी इअरफोन घातले.

घरी आल्यावर लेकीला मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “मम्मा, वुई गेट दोज इन अवर स्कूल गार्डन.”

“माहितीये मला!” मी बॅग तिथेच आपटली आणि आंघोळीला गेले.