मागच्या सीटवरचं विरजण

निर्णय न घेण्यासाठी माझ्या साडूंइतके कष्ट उपसणारा माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा झाला नसेल. आळशी माणसाचे निर्णय राहून जातात आणि भित्र्या माणसाचे दुसरंच कोणी घेऊन टाकतं. आमच्या साडूंचं तसं नव्हतं. कामाला ते कधी मागे हटले नाहीत आणि भीती म्हणाल तर केळीच्या बागेवर वादळ आलं तरच वाटायची. पण दोन वस्तू शेजारी ठेवून यातली एक घ्या म्हटलं, की त्यांना त्या दोन्ही वस्तूंची दया यायची. एकीला घेतलं तर दुसरीवर अन्याय होईल, आणि तो आपल्या हातून, या विचाराने ते हैराण होत. एकदा चपला घ्यायला गेले आणि दोन जोड पसंत पडले. दोन्ही घेतले, आणि नीट तुलना व्हावी म्हणून उजव्या पायात एका जोडाची व डाव्या पायात दुसऱ्या जोडाची घालून हिंडू लागले. त्याच अवस्थेत ते चोपड्याला एका लग्नाला गेले. मांडवाबाहेर त्या दोन चपला वेगवेगळ्या ढिगांत गेल्या आणि साडू अनवाणी घरी आले. "कोनतीच वाईट नव्हती," एवढंच म्हणाले.

त्यांना सगळे आबाच म्हणत. केळीची शेती चोपड्याच्या बाजूला आणि राहतं घर जळगावात, एका जुन्या पेठेतल्या गल्लीत. मी अमळनेरच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्य पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेल्यामुळे मी पक्षपात करणार नाही, असा आबांचा एक गोड गैरसमज होता. त्यामुळे कुठल्याही तुलनेत पंच म्हणून मला बोलावणं असायचं. माझ्याशी बोलताना ते शहरी मराठी धरून ठेवत. जीव कुठे अडकला, की मात्र सरळ अहिराणीवर येत आणि 'आहे'चं 'शे' होई.

आणि या गाडीच्या बाबतीत त्यांचा जीवच अडकला होता. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आबांच्या घरच्या, आमच्या अक्का. त्यांना मणक्याचं दुखणं लागलं. आधी वयाचं म्हणून सगळ्यांनी अंगावर काढायला लावलं. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि आतली गाठ दाखवली. तेव्हापासून जळगाव ते धुळे ही वारंवारची वाट झाली. घरात शेतीची जुनी जीप होती. तिच्यात चढताना अक्कांना पाय वर उचलवत नसे आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून घेत. तोंडातून आवाज काढत नसत. आबा समोरचा रस्ता पाहायचा सोडून आरशात त्यांचे डोळे पाहत, आणि त्यामुळे पुढचा खड्डा हमखास चुकायचा नाही.

गाडी घ्यायचं त्यांनी ठरवलं ते असं. उंच गाडी नको, कारण चढवत नाही. लांब गाडी नको, कारण गल्लीत वळत नाही. गाडी बुटकी हवी, आखूड हवी आणि आत गादीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे. आयुष्यभर पैशाला जपणारा हा माणूस एकदम म्हणाला, "भारीतली घेऊ. साहेब लोक फिरतात तशी. त्याच्यात दनका लागत नसंल, म्हनून तर ते हसत राहतात." अशा लहान पण भारी सेडान गाड्या दोन निघाल्या. पांढरी जळगावच्या शोरूममध्ये होती, निळी धुळ्याच्या. दोघींची किंमत जवळपास सारखी, दोघींना चारच चाकं. इथून आमच्या दुर्दैवाला सुरुवात झाली.

आबांनी उमेदीच्या काळात बैलबाजारात पुष्कळ जोड्या पारखल्या होत्या. शोरूममध्ये ते त्याच पायांनी शिरले. गाडीभोवती उलट्या दिशेने एक फेरी मारली, चाकापाशी उकिडवे बसले, मागच्या बाजूला थाप दिली आणि ती बिचकते का ते पाहिलं. भावाची वेळ आली तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून स्वतःच्या हातावर टाकलं आणि त्याखालून मॅनेजरचा हात धरला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून सांगतात. त्या टाय लावलेल्या मॅनेजरला वाटलं, गिऱ्हाईक फार प्रेमळ आहे. त्यानेही प्रेमाने आबांची पाचही बोटं घट्ट दाबली. आबांनी विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सर, दिसायला गरीब शे, पन मी खाली येतो तर हा वर चढतो!"

खरी परीक्षा मात्र पुढे होती. गाडी धक्का देते की नाही हे माणसाने सांगून चालत नाही, माणूस लाजेखातर खोटं बोलतो, असं आबांचं मत होतं. त्यासाठी त्यांनी दही निवडलं. जळगावहून निघताना मातीच्या गाडग्यात कोमट दूध विरजायचं, गाडगं मागच्या सीटवर अक्कांच्या शेजारी ठेवायचं, धुळ्याला जाऊन, डॉक्टरांना दाखवून संध्याकाळी परत यायचं आणि झाकण काढायचं. दही अखंड लागलं असेल तर गाडी पास. फुटून पाणी सुटलं असेल तर नापास. रोख पैसे देणारं केळीवालं गिऱ्हाईक म्हणून शोरूमवाले गाडी आणि एक माणूस सोबत द्यायला तयार झाले. मी अमळनेरहून एसटीने पारोळ्याला येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहायचो. मला गाडीत घेतलं, की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, गाडगं हललेलं दिसतं का?"

पहिल्या खेपेला पांढऱ्या गाडीतलं दूध संध्याकाळपर्यंत दूधच राहिलं. पुढच्या खेपेला निळ्या गाडीतलंही. आबा चक्रावले. मग लक्षात आलं, की दोन्ही गाड्यांत एसी चालू होता आणि त्या गारव्यात विरजण लागणार कसं? आबांनी एसी बंद करायला लावला. वैशाखातलं जळगाव, काचा वर. शोरूमचा माणूस घामाने निथळत म्हणाला, "आबा, एसी बंद केला तर आमच्या गाडीत आणि रिक्षात फरक काय राहिला?" आबा शांतपणे म्हणाले, "तोच तर पाहतोय भाऊ." शेवटी अक्कांनीच पदराने वारा घेत तोड काढली, "त्या पोरग्याचंच दही होऊन जाईल. लावा ते गार." आणि गाडगं गोधडीत गुंडाळलं गेलं.

यानंतर न्यायाचा प्रश्न आला. पांढरीच्या वेळी पारोळ्याच्या अलीकडे जो गतिरोधक होता, तो निळीच्या वेळी कोणीतरी उखडून टाकला होता. म्हणजे निळीला सवलत मिळाली. म्हणून पांढरी पुन्हा आणली. तेवढ्यात एरंडोलजवळ रस्ता खोदला. म्हणजे आता पांढरीवर अन्याय. तो दूर होतो न होतो, तोच दूध देणारी म्हैस आटली. दुसऱ्या म्हशीचं दूध पातळ, त्यावरून गाडीला दोष देणं आबांच्या बुद्धीला पटेना. म्हैस व्यायची वाट पाहायचं ठरलं. मी हे लिहिताना हसतो आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. प्रत्येक खेपेला मी दार उघडून आत बसे तेव्हा अक्का आधीपेक्षा सीटच्या कमी जागेत मावलेल्या असत. आबांना मी एकदा जरा तोडून म्हणालो, "आबा, कोणतीही घ्या, पण आता घ्या." ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच अक्कांना खड्ड्यात घालायला सांगतो आहे. "आन् चुकीची घेतली तर? रोज तिच्यात बसनार कोन? ती का तुमी?"

अक्कांना ते दर खेपेला विचारत, "कशी वाटली?" अक्का थोडा विचार केल्यासारखं करून म्हणत, "बरी शे. पन मागची जरा जास्त बरी होती." मग मागची पुन्हा आणायची. मागची आणली, की तिच्यामागची बरी. मला वाटे, नवऱ्याचा गुण बायकोला लागला.

पावसाळा संपल्यानंतरची एक खेप होती. पारोळ्याला मला घेऊन गाडी चहासाठी थांबली. आबा आणि शोरूमचा माणूस दोघंही वाकून गाडीच्या पोटाखाली काहीतरी पाहत होते. अक्कांनी खिडकीवरचा दांडा एका हाताने घट्ट धरलेला होता. गाडी थांबलेली होती तरी धरलेला होता. मला म्हणाल्या, "सर, एक सांगू? दोन्ही गाड्या सारख्याच दुखतस."

"जीपपेक्षा तरी बरं असेल ना?" मी विचारलं.

"जीपबी तशीच. आता घरच्या गादीवरबी तसंच." मग माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "असं तोंड नका करू. त्यांना सांगू नका फक्त. एखादी तरी गाडी बरी निघंल अशी आशा शे, तोवर जेवतात तरी पोटभर. घरी आलं का मंग भिंतीकडे पाहत बसतात."

तेवढ्यात आबा हात झटकत आले. "सर, खालून पांढरी जास्त स्वच्छ शे," त्यांनी जाहीर केलं. अक्का म्हणाल्या, "मंग काय तर! आपल्याला खालीच बसायचं शे ना." शोरूमचा माणूससुद्धा हसला. मी खिडकीबाहेर कापसाची शेतं पाहत राहिलो. वेचणी चालली होती. धुळे येईपर्यंत माझ्याने मागे वळून पाहवलं नाही.

त्यानंतर अक्कांना बसवेनासं झालं. धुळ्याच्या शेवटच्या फेरीला त्या रुग्णवाहिकेत आडव्या होऊन गेल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा असं सांगितलं. गाडीची गरज तिथेच संपली. त्या गेल्या तेव्हा थंडी होती. जळगावच्या घरी तेराव्याला माणसं जमली. पहिली पंगत उठल्यावर ओसरीवर पान खात बसलेल्या एका लांबच्या नातेवाइकाने, आबा ऐकतील एवढ्या आवाजात म्हटलं, "दोन गाड्या तोलत बसला हा मानूस. त्या बाईला मात्र एकबी घेऊन दिली नाही." आबा पंक्तीतल्या उरलेल्या लोकांना वाढत होते. हातातली वरणाची बादली घेऊन ते तसेच उभे राहिले, आणि मग पुढच्या पानावर वाढलं.

काही दिवसांनी ते एकटे अमळनेरला आमच्या घरी आले. एसटीने आले होते. चहा घेतला, केळीच्या भावाबद्दल बोलले. माझी बायको डोळे पुसत आत गेली. तेव्हा आबा खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही पंच होता. तुमच्याजवळ कधी काही बोलली का ती? कोनती बरी म्हने?"

पांढरी म्हणालो असतो किंवा निळी म्हणालो असतो, तर त्या गाडीचं नाव ते जन्मभर उराशी धरून बसले असते. ही वेळेवर घेतली असती तर, असं रोज स्वतःला विचारत राहिले असते. आणि खरं उत्तर द्यायचं, तर त्यांना ज्या एका आशेवर अन्न गोड लागत होतं, ती पहिल्यापासून खोटी होती हे सांगायचं. अक्कांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं, पण ते त्या असतानासाठी. असं मी मनाशी म्हटलं. ते बरोबर होतं का, मला अजून सांगता येत नाही.

"आबा," मी म्हणालो, "त्यांना दोन्ही गाड्यांत सारखंच दुखायचं. कुठल्याही गाडीत दुखलंच असतं."

"दोन्हीमा?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीत."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावर तिचा वळ उमटलेला होता. तो त्यांनी हळूहळू बोटांनी चोळला. "मंग बरं शे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, जसं काही पहिल्यांदाच म्हणत आहेत तसं, "मंग बरं शे." मग माझ्याकडे न पाहता बोलले, "दोन्हीमा दुखे, तरी दर खेपेला माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर बसलेली असायची. फूलबी माळायची, सर. मी म्हने, गाडीची हौस शे हिला."

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. फलाटावर दोन बसगाड्या सुटायच्या बेतात होत्या. एक जळगावला, त्या घराकडे. दुसरी चोपड्याला, शेताकडे. कुठे जायचं ते आबांनी मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता ते थांबतील, दोन्हींकडे आळीपाळीने पाहतील आणि विचारतील, सर, यातली कोनती बरी? मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं. पण जी बस जवळ उभी होती तिच्यात ते चढून गेले. पाटीसुद्धा वाचली नाही.