भागीरथाच्या नावावर कमलाचा फोटो

सिंदेवाहीकडच्या धानाच्या रोवणीत भागीरथाचा हात धरेल अशी बाई नाही. हात जोरात, आणि तोंड त्याच्याही पुढे. त्या तोंडात दिवसभर सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा. आता आमच्याकडे खर्रा कोण नाई खात, दाखवा बरं! पाहुण्याला आधी खर्रा पुसतात, धानाच्या बांधीत उतरलेल्या बायांना मालक मजुरीच्या वर खर्र्याची पुडी देतो.

म्हणून शाळेत कॅन्सरतपासणीचं शिबिर लागलं तेव्हा भागीरथा शाळेची वाटच टाळायला लागली. चंद्रपूरहून आलेली नर्स उर्वशी मोबाईलनं तोंडाच्या आतले फोटो काढत होती. लाखो तोंडांचे फोटो पाहून शिकलेली मशीन आहे, संशय आला तर आधीच सांगते, असं ती समजावत होती. भागीरथानं मात्र भलतंच मनावर घेतलं. खर्रा खाणाऱ्यांना पकडून राशन बंद करायचा हा सरकारचा डाव आहे म्हणे! झालं, गेलं नाही तर संशय येईल म्हणून बाईनं मोठ्या जावेला, कमलाला, आपल्या नावानं रांगेत बसवलं.

कमलानं जन्मात खर्रा चाखला नव्हता. माझं काय पाहायचं, म्हणून तिनं स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं. दात तेवढे रोज भाजलेल्या तंबाखूनं घासायची. पण त्याला आमच्याकडे तंबाखू कोण म्हणतं? ते मंजन.

आठवड्याभरात भागीरथाच्या फोनवर उर्वशी बोलली, की मशीनला तुमच्या गालाच्या आत डाग दिसला, डॉक्टरांनीही फोटो पाहिला, लवकर या. भागीरथा खदखदून हसली. येडी मशीन! मग एकाएकी तिचं हसू थांबलं. गाल तर कमलाचा होता.

सांगावं तर गावात इज्जत जाते, न सांगावं तर जाऊ जाते. ती तडक कमलाच्या चुलीपाशी गेली, रडत सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन चंद्रपूरच्या एसटीत बसली. तिथं उर्वशीनं भागीरथाला चांगलंच झापलं. एरवी कोणाचं ऐकून न घेणारी भागीरथा खाली मान घालून ऐकत राहिली.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, गाल वाचला, जीव वाचला.

टाके काढायला दोघी पुन्हा गेल्या, तेव्हा भागीरथानं उर्वशीचे हात धरले. डोळ्यांना नुसती धार लागली होती. "पोरी, तुह्ये अन् त्या मशीनचे लय उपकार झाले. माही जाऊ मले वापस भेटली."

कमलाला अजून धड बोलता येत नव्हतं. सुजलेल्या गालानं ती हळूहळू म्हणाली, "इनं खोटं नाव सांगाले लावलं म्हून मी वाचली, बाई. आता इचा फोटो काढ."

भागीरथा दाराकडे पाहायला लागली. कमलानं तिची हनुवटी धरली, लहान पोरीची धरावी तशी, आणि धरूनच ठेवली. भागीरथानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.